हळद लावलेलं कार्ड

मद्रासेत घरांच्या ब्रोकरला लोक दारात उभं करून बोलतात. पाणीसुद्धा विचारत नाहीत. मी हा धंदा तीस वर्षं केला, तेव्हा हे रडगाणं नाही, अनुभव आहे. घर घेणारं गिऱ्हाईक मिळवायला काही अक्कल लागत नाही. ते आपणहून येतं, डोकं खातं आणि वर आपल्यालाच चोर समजतं. विकणारा मात्र शोधून काढावा लागतो. गंमत म्हणजे आपण विकणार आहोत हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. त्याच्या आधी ते ब्रोकरला कळायला हवं.

मला कळायचं. मी सकाळी गल्लीतून नुसता चालत जायचो. घर केवढं आणि दोरीवर कपडे किती, एवढं पाहायचो. पाच खोल्यांच्या घरामागे एक धोतर आणि एक लुगडं वाळत असेल, तर ते घर आज ना उद्या विकलं जाणार. मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी दोन शब्द बोलायचे आणि मालकाचं नाव काढायचं.

पुढचं काम कार्डाचं. बाकीचे ब्रोकर सरळ लिहायचे, ‘घर विकणे असल्यास कळवावे.’ असली कार्डं चुलीत जातात. शिवाय उघडं कार्ड पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचतात, आणि घर विकायला निघाल्याची बोंब झाली की मालक भडकतो. म्हणून मी कार्डात घराचा उल्लेखच करत नसे. आपलं नाव, आजोबांचं नाव, मूळ गाव, गोत्र, हल्ली मुक्काम तिरुवल्लिकेणी, आणि ‘अमुक वारी समक्ष भेटीस येत आहे’. आमची तंजावरकडची मराठी माणसं दहा पिढ्या तमिळ मुलखात राहूनही आजोबांच्या नावाला पाघळतात. आणि कार्डाच्या चारी कोपऱ्यांना मी हळद लावायचो.

ही माझी स्वतःची युक्ती, आणि मला तिचा फार अभिमान होता. हळद लावलेलं कार्ड कोणी फेकत नाही. शुभ वार्ता म्हणून घरची बाई ते आधी देवापुढे ठेवते, मग सगळे मिळून वाचतात. एकदा देवापुढे गेलेल्या कार्डाच्या माणसाला दारातून हाकलणं जड जातं. एवढंच मला हवं असायचं.

आत पाऊल पडलं की धंद्याचा दुसरा नियम. आपण आधी बोलायचं नाही. पावसापाण्याचं बोलावं, कॉफीची तारीफ करावी, पण घराची गोष्ट मालकाच्या तोंडून निघू द्यावी. जो आधी बोलला तो हरला. मी या नियमावर जगलो. घसा कोरडा पडेपर्यंत गप्प बसण्याची मला सवय झाली होती.

ही गोष्ट एकोणसाठ सालची. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहत होतो. मॅन्शन म्हणजे नाव मोठं. आत सगळे बिनलग्नाचे कारकून आणि विद्यार्थी, एका खोलीत तिघं, आणि बाथरूमपुढे रांग. दोन बहिणींची लग्नं करता करता माझं राहून गेलं होतं. लोकांना घरं मिळवून देणारा मी, आणि माझा संसार एका ट्रंकेत मावायचा. यावर खोलीतली पोरं चेष्टा करायची आणि मी हसायचो. हसणं नेहमी खरं असायचं असं नाही.

त्या वर्षी रत्नाकर नावाचं एक गिऱ्हाईक माझ्या मानगुटीवर बसलं होतं. पुण्याकडचे, मद्रासबाहेर तांबरमला एअर फोर्समध्ये अधिकारी. त्यांच्या पत्नीला विहीर असलेलं घर हवं होतं आणि तेही रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. “काय गुंडोराव, झालं का काही?” असं ते दर आठवड्याला विचारायचे, आणि आवाज असा, की जणू घरं मी ट्रंकेत लपवून ठेवली आहेत.

पश्चिम तांबरममध्ये स्टेशनामागच्या एका गल्लीत मला ते घर सापडलं. लाल कौलं, पाच खोल्या, मागे विहीर, आणि दोरीवर एक धोतर, एक लुगडं. इस्त्रीवाला म्हणाला, मालक अनंतकृष्णराव, कलेक्टर कचेरीतून पेन्शन घेतलेले. बायको वारली. मुलगी कृष्णवेणी, मुलींच्या शाळेत शिकवते. एवढ्यावर मी त्या भागात चार कार्डं टाकली. आसपासची आणखी तीन घरं बघून ठेवली होती, तीही जाता जाता उरकली.

अनंतकृष्णरावांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. माझ्या कार्डाला उत्तर येतच नसे, त्यामुळे मी फुगलो. वळणदार अक्षर होतं. ‘रविवारीं तीन वाजतां अवश्य यावें. राहुकाळ साडेचारास लागतो, तत्पूर्वीं सर्व व्हावें.’ राहुकाळ टाळणारा माणूस म्हणजे व्यवहाराला पक्का, असा मी अर्थ काढला आणि रत्नाकरना सांगूनही टाकलं की घर मिळाल्यात जमा आहे.

रविवारी पोचलो तर भिंतींना ताजा चुना. दारात भली मोठी रांगोळी आणि भोवती गेरूची लाल रेघ. आमच्याकडे गेरूची रेघ सणासुदीला ओढतात. काहीतरी व्रत असेल, असं म्हणून मी ती रेघ ओलांडली. अनंतकृष्णराव फाटकापर्यंत सामोरे आले. जरीकाठी धोतर, खांद्यावर अंगवस्त्र, आणि दाढी इतकी घोटलेली की गालावर दोन ठिकाणी कापलं होतं.

“यावें, यावें! ट्रेनींत बसावयास जागा मिळाली ना?” असं म्हणत त्यांनी माझा हातच धरला. बावीस वर्षांत कुठल्या घरमालकाने माझा हात धरला नव्हता.

नव्या कोऱ्या चटईवर मला बसवलं. पुढे ताटली आली. ताटलीत एका बाजूला तुपाने निथळणारी सोज्जी, म्हणजे आपला शिरा, आणि दुसऱ्या बाजूला केळ्याची गरम बज्जी. मी भुकेला होतो. पहिली बज्जी तोंडात घातली, आणि मग ताटलीकडे नीट पाहिलं.

मद्रासेत सोज्जी आणि बज्जी एका ताटलीत येतात ते एकाच प्रसंगाला. मुलगा मुलगी पाहायला येतो तेव्हा.

माझं कार्ड मला डोळ्यांपुढे दिसलं. नाव, आजोबांचं नाव, गाव, गोत्र, समक्ष भेटीस येत आहे. चार कोपऱ्यांना हळद. घराचं अवाक्षर नाही. मी गाढव आहे हे मला अधूनमधून वाटायचं, पण इतक्या स्पष्टपणे ते त्याच दिवशी कळलं.

“वडीलधारें कोणी नाहींत म्हणून तुम्ही स्वतःच लिहिलेंत,” अनंतकृष्णराव म्हणाले. “त्यांत संकोच कसला? उलट मज बरें वाटलें. उद्योग काय करतां?”

“घरांचं काम. ब्रोकर.”

आता तरी त्यांना शंका यावी, असं मला वाटलं. ते म्हणाले, “सरी, सरी, बरें आहे. कष्टाची कमाई आहे,” आणि माझ्या ताटलीत आणखी एक बज्जी घातली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. इतक्यात ती कॉफी घेऊन बाहेर आली.

कृष्णवेणीचं वय छत्तीसच्या आसपास असावं. चष्मा होता, कानाजवळ चार केस पांढरे. रेशमी लुगड्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. अशा वेळी मुली जमिनीकडे पाहतात म्हणे. हिने सरळ माझ्याकडे पाहिलं आणि चांदीचा पेला माझ्यापुढे ठेवला. बहिणींच्या वेळी हे सगळं मी दुसऱ्या बाजूने बघितलं होतं. माझ्यासाठी कोणी चुना लावून, रांगोळी काढून, रेशीम नेसून कॉफी आणली नव्हती. मला हेवा वाटला. मी जो आहे असं त्या घराला वाटत होतं, त्या माणसाचा हेवा.

मी ताटली पुसून खाल्ली.

अनंतकृष्णराव खूश होऊन घराविषयी बोलू लागले. मी एक शब्द न विचारता, नियमाप्रमाणे, मालक आपणहून बोलला. “हें घर हिच्याचसाठीं राखलें आहे. लग्न ठरलें कीं विकायचें, लग्न थाटानें करायचें, उरेल तें हिच्या नांवें. तोंवर कोणी सोनें ओतलें तरी द्यायचें नाहीं. लग्न ठरवा नि घर तुम्हीच विका, तुमचा उद्योगच आहे!” आणि ते मोठ्याने हसले.

एका होकारात घर आणि बायको. मला मोह झाला नाही म्हणालो तर ती शुद्ध थाप होईल.

पत्रिका आणायला ते आतल्या खोलीत गेले, आणि कृष्णवेणी हळू आवाजात म्हणाली, “समोरच्या घरींही असेंच कार्ड आलें आहे. मागल्या गल्लींत दोन. चारीं कोपऱ्यांस हळद. तिथें तर लग्नाची मुलगीच नाहीं.”

मी पेला खाली ठेवला.

“तुम्ही घरासाठीं आलांत ना?”

“हो,” मी म्हणालो. “चूक झाली. मी आत्ता सांगतो त्यांना, पाय धरतो.”

“नक्को.” तिचा आवाज शाळेतला असावा, तसा निघाला. “दहा दिवस अप्पा सुखांत आहेत. शिडीवर चढून चुना स्वतः लावला. आज सांगूं नका. पंधरा दिवसांनीं लिहा, जातक जुळलें नाहीं. तें एक वाक्य त्यांस पेलतें. अकरा वेळां पेललें आहे.”

जातक म्हणजे पत्रिका. मी कबूल केलं. अनंतकृष्णरावांनी कुंकू लावलेली पत्रिका माझ्या हातात दिली, तेव्हा साडेचारला पाच मिनिटं कमी होती.

परतीच्या गाडीत मी ती पत्रिका शर्टाच्या आत ठेवली होती, घामाने कुंकू पसरू नये म्हणून वर रुमाल. तीन दिवस ती ट्रंकेत पडली. नुसती लिहून टाकायची एक ओळ, पण लेखणी हातात घेतली की रेशमाच्या त्या न मोडलेल्या घड्या आठवायच्या. मला ती हवी होती. कॉफी देणारी कोणीही नव्हे, ती, सरळ बघणारी. बेचाळिसाव्या वर्षी हे असं होतं याची मला लाजही वाटत होती आणि रात्रीचं जेवणही जात नव्हतं. चौथ्या दिवशी ट्रंकेच्या तळातून माझी स्वतःची पत्रिका काढली आणि देवळाच्या तळ्याजवळच्या ज्योतिष्याकडे दोन्ही घेऊन गेलो.

त्याने बोटं मोजली, पुन्हा मोजली. तमिळ रीतीने दहा गोष्टी जुळवतात; आमच्या नऊ जुळल्या. “मुहूर्त केव्हाचा?” त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तिच्या शाळेबाहेर उभा होतो. मुली फिदीफिदी हसत माझ्याकडे बघून गेल्या. मग ती आली, छत्री आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन. मला पाहून थबकली, पण काही विचारलं नाही. आम्ही रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत गेलो. फाटक बंद होतं.

“जातक दाखवलं,” मी म्हणालो. “जुळतं. दहापैकी नऊ.”

ती हसली. हसताना चांगली दिसायची, हे मला नसतं कळलं तर बरं झालं असतं. “अकरा जणांचेंही जुळलेंच होतें. अप्पा आधीं दाखविल्यावांचून कोणास घरीं बोलवीतच नसत. यंदाच प्रथम न दाखवितां बोलाविलें. घाई झाली त्यांस.”

“मग ते अकरा जण...”

“त्यांस काय लिहायचें? मुलगी काळी, मुलीस चष्मा, मुलगी नोकरी करते? भले लोक होते, जातकावर ढकललें.”

गाडी अजून दिसत नव्हती. ती रुळांकडे पाहत उभी राहिली आणि मी तिच्याकडे. सांगायचं एवढंच होतं की पहिल्यांदा मी घरासाठी आलो, आज तुझ्यासाठी आलो आहे. सहा-सात शब्द. पण मी थांबलो. तिने काहीतरी म्हणावं, निदान ‘मग तुम्ही कशाला आलांत?’ एवढं विचारावं, म्हणजे मला बोलता येईल. बावीस वर्षं मी समोरच्याला आधी बोलायला लावलं होतं. तोच मेला नियम तिथेही माझ्या जिभेवर बसला. तीही थांबली होती, चांगली तीन-चार मिनिटं. मग मद्रास बीच स्टेशनकडची गाडी धडधडत गेली आणि फाटक उघडलं.

“मग लिहाल ना?” तिने विचारलं.

“लिहितो,” मी म्हणालो.

ती छत्री उघडून रूळ ओलांडून गेली. मी तिथेच उभा राहिलो आणि मागच्या बैलगाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

पंधरा दिवसांची मुदत मी शेवटपर्यंत ताणली. वाटायचं, तिची चिठ्ठी येईल, लिहू नका म्हणून. रोज मॅन्शनच्या जिन्याखालचं टपाल चाळायचो. काही आलं नाही. तेव्हा मनाशी म्हटलं, तिला नकोच आहे, चुकून दारात आलेल्या माणसाशी कोण लग्न करील? आणि कार्ड लिहिलं. ‘जातक जुळत नाही. क्षमा असावी.’ त्याला हळद लावायचा प्रश्नच नव्हता.

आठवड्याने अनंतकृष्णरावांचं पाकीट आलं. ‘देवाची इच्छा. आतां घर राखण्याचें प्रयोजन उरलें नाहीं. तंजावरास धाकटे बंधू आहेत, त्यांजकडे जाऊं म्हणतों. आपण याच उद्योगांत आहां, तरी योग्य गिऱ्हाईक पाहावें.’

इतक्या वर्षांत मी शेकडो कार्डं टाकली. कोणाच्या घराचं दार उघडावं म्हणून काय काय क्लृप्त्या लढवल्या. घर हमखास मिळवून देणारं पत्र निघालं ते हे नकाराचं. रत्नाकरनी माझी पाठ थोपटली. “मानलं तुम्हाला, गुंडोराव! तुमची काहीतरी खास पद्धत दिसते,” ते म्हणाले. मी हो म्हणालो.

दोन महिन्यांत रजिस्ट्रेशन झालं. कृष्णवेणीची सही लागणार नव्हती, त्यामुळे ती कचेरीत आली नाही. निदान किल्ल्या देण्याच्या दिवशी दिसेल म्हणून मी धुतलेला शर्ट घालून तांबरमला गेलो. काय बोलायचं ते या वेळी गाडीत घोकून ठेवलं होतं. आधी मीच बोलणार होतो.

घर रिकामं होतं. मागे विहिरीपाशी रत्नाकरांची पत्नी रहाट फिरवून बघत होती आणि रत्नाकर भिंती ठोकून बघत होते. अनंतकृष्णराव पुढच्या खोलीत ट्रंकेवर बसले होते.

“वेणी कालच गेली,” ते म्हणाले. “तंजावरच्या शाळेंत जागा मिळाली, उद्यां हजर व्हायचें आहे. तुम्हांस नमस्कार सांगितला आहे.”

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. त्यांना माझ्याविषयी काडीचा राग नव्हता. उलट बोलायला कोणी मिळालं म्हणून बरं वाटलं असावं.

“एक गोष्ट मज कळली नाहीं, गुंडोराव,” ते म्हणाले. “आधींच्या अकरा वेळां उत्तराचें हिनें कधीं विचारलें देखील नाहीं. तुमच्या वेळीं रोज शाळेंतून येतां पोस्टांत जायची. आपलें टपाल आणायची. मी विचारायचा, आलें काय? ही म्हणायची, नाहीं आलें. आणि काय सांगूं, नाहीं आलें म्हणायची नि गाणें म्हणत स्वयंपाकास लागायची. चौदा दिवस. तिची आई गेल्यापासून या घरांत मी गाणें ऐकलें नव्हतें. पंधराव्या दिवशीं कार्ड घेऊन आली, माझ्या हातीं दिलें, नि स्वतःच म्हणाली, अप्पा, घर विकूं या आतां.”

मागे विहिरीवर रहाट कुरकुरत होता.

“पत्राची वाट पाहणारें माणूस पत्र न आल्यानें कधीं खुलतें काय?” त्यांनी मलाच विचारलं. “ब्रोकरलोकांस माणसें कळतात म्हणतात. तुम्ही सांगा, असें कां?”

आतून रत्नाकरनी हाक मारली, किल्ल्या कुठे आहेत म्हणून. त्या माझ्याच खिशात होत्या. मी त्या उंबऱ्यावर ठेवल्या, अनंतकृष्णरावांना म्हणालो, “चला, तुमच्या गाडीची वेळ होतेय,” आणि त्यांची ट्रंक उचलली.